तू दिली नाहीस ती गोळी

प्रिय यज्ञेश,

निलंग्याला तुझ्या मेडिकलमधून मी तणतणत निघाले, त्याला आता पाच महिने झाले. सहा वर्षांनी समोर आले होते, पण तुझ्या आईची तब्येतसुद्धा विचारली नाही. जागं राहायच्या गोळ्यांची स्ट्रिप मागितली. चौदा-चौदा तासांची उड्डाणं, परक्या हॉटेलात झोपेची गोळी, निघताना जागं राहायची. आम्हा पायलटांत बरेच जण घेतात, असंही ऐकवलं. तू डॉक्टरची चिठ्ठी मागितलीस. माझ्याकडे नव्हती. "मग न्हाई देत," म्हणालास, "तुला झोप पाहिजे मृण्मयी, गोळी न्हाई."

मग त्या गोळ्या मी लातूरला दुसऱ्या दुकानातून घेतल्या.

फेब्रुवारीत एका सकाळी मी विमान उतरवत असताना शेजारी बसलेल्या कॅप्टन चन्नबसप्पांनी मला विमानाची उंची विचारली. ऐकू आलं, आकडा समोर दिसत होता, पण तोंडातून शब्दच फुटेना. त्यांनी दोनदा विचारलं आणि विमान स्वतःच्या हातात घेतलं. मागे दोनशे ऐंशी माणसं होती, त्यांना काहीच कळलं नाही. सगळे उतरल्यावर कॅप्टन शांतपणे म्हणाले, "काय घेतलंस, खरं सांग." डोकं दुखत होतं, असं मी सांगणार होते. तुझा चेहरा आठवला आणि खरं सांगितलं. रिपोर्टही माझ्याच हातानं लिहिला.

तेव्हापासून उड्डाण बंद. लातूरला बाबांकडे आहे. सुरुवातीला गोळीशिवाय डोळाच लागत नव्हता. बाबा दुपारी दारात खुर्ची टाकून बसायचे, भाजीवाल्याला हातानंच पुढे घालवायचे. आता सहा तास झोपते. जाग आली की तुझ्याशी बोलावंसं वाटतं. मी पायलट व्हायला निघाले तेव्हा तू स्टँडवर माझी बॅग वर ठेवलीस, 'थांब' म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर थांबले असते का, कोण जाणे. पण तू ते म्हणायला हवं होतंस, असं आजही वाटतं.

परत उडवायला द्यायचं की नाही, हे आता कंपनीच्या डॉक्टरबाई ठरवणार आहेत. त्यांनी फॉर्मवर एक नाव मागितलं: तुम्हाला ओळखणारं, तुमची बाजू न घेता खरं सांगणारं जवळचं माणूस. मी तुला न विचारता तुझं नाव लिहून आले. फोन येईल, उचल. माझ्याबद्दल जे वाटतं ते सांग, वाईट असलं तरी. फक्त 'नातं काय' या रकान्यात मी काही लिहिलेलं नाही. ते त्या तुलाच विचारतील.

तुझीच,
मृण्मयी