यादीतलं तुझं नाव

प्रिय आई,

सलाम. तू गेल्यावर दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज बसले, कारण दुपारी एल्स्पेथ दारात येऊन उभी राहिली. तुझी चर्चमधली मैत्रीण, तुझ्याहून दहा वर्षांनी मोठी, अजून तशीच तुरुतुरु चालते. म्हणाली, आपलं चर्च नाताळनंतर बंद होतंय. मंडळी उरली जेमतेम चौदा, छप्पर गळतंय, सगळ्यांनी शेजारच्या गावी जायचं. इथल्या स्कॉटिश कोळ्यांनी समुद्राकडे तोंड करून बांधलेलं ते छोटंसं एपिस्कोपल पंथाचं देऊळ! मला वाटायचं, ते कुठे जातंय, जाईन कधीतरी.

नोव्हेंबरातला नावं वाचायचा रविवार आठवतो ना? दाराजवळ कागद लावतात, ज्याने त्याने आपापल्या गेलेल्यांची नावं लिहायची. आधी बुडालेल्या कोळ्यांची नावं वाचतात, मग कागदावरची. तू इथे माझ्याकडे राहायला आलीस त्या पहिल्या वर्षी मला कोपर मारून म्हणालीस, "बघ, शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला अजून नावाने हाक मारतात."

त्या कागदावर तुझं नाव मी लिहिलंच नाही. तुला नगरला बाबांशेजारी ठेवून आले आणि पुन्हा त्या दारातून आत गेले नाही. धीरच झाला नाही.

आणि खरं सांगू? लाजही वाटत होती. उपासनेनंतरच्या चहासाठी हॉलमध्ये पाणी तापवायचं मोठं भांडं होतं, त्यात तू थेट दूध, साखर, आलं घालून चहा उकळलास! दूध तळाला करपलं, आणि मी सगळ्यांदेखत तुझ्यावर खेकसले. पुन्हा त्या किचनमध्ये पाऊल टाकायचं नाही म्हणाले. तू भांडं घासत बसलीस. एका भांड्यासाठी कशाला गं इतकी बोलले मी? आणि तूही दोन शब्द सुनावायचे होतेस की मला!

आज एल्स्पेथकडून कळलं, दर बुधवारी मी ऑफिसला गेले की तू तिथेच जायचीस. घरचं पातेलं घेऊन! त्या म्हाताऱ्यांना आल्याच्या चहाची चटक लावलीस आणि मला पत्ता नाही. लबाड कुठली.

मी एल्स्पेथला म्हटलं, यंदाचं वाचन शेवटचं, मला आईचं नाव द्यायचंय. ती म्हणाली, "ते मी गेल्या वर्षीच लिहिलं, यंदाही लिहिलंय. 'आई'. अर्थ तिनेच सांगितला होता. आमच्या कुणाचीच उरली नव्हती, म्हणून आम्ही सगळे तिला तेच म्हणायचो."

मी दारातच रडले. एल्स्पेथने घरात आणून बसवलं मला, माझ्याच घरात.

या रविवारी मी जाणार आहे. तुझं पूर्ण नाव घालणार नाही, तिने लिहिलंय तेच राहू दे. पाळकबाईंना फोन करून विचारलं, त्या हो म्हणाल्या, तुझं नाव मी वाचणार. दोन वर्षं झाली गं, तुला मोठ्याने हाक मारली नाही.

तुझीच,
मनू