पडली की पाडली

आबा, मी सध्या स्पेनमध्ये आहे. तुम्ही असता तर आधी विचारलं असतंत, "तितं काय काम काढलंस?" काम काही नाही. स्पॅनिश शिकते आहे. सांगलीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, निवृत्त झाले, आणि एकदा स्वतः बाकावर बसून काहीतरी मुळापासून शिकावं असं वाटलं. इथल्या भाषाशाळेला वयाची अट नव्हती, म्हणून आले. तुमची धाकटी लेक तासगावहून फोनवर म्हणाली, "या वयात बायका काशीला जात्यात, आन् तू इस्पेनला निघालीस. तितल्या मास्तरणीचं कसं हुयाचं गं?" तिला काळजी मास्तरणीची, माझी नाही.

शाळेनेच एका विधवा बाईंच्या घरी राहायची सोय केली आहे. बाई माझ्याच वयाच्या, बोलक्या, आणि त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नाही. सकाळी वर्ग, दुपारी बाईंबरोबर बाजार, मग त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कांदे चिरत बोलायचं. चुकलं तरी बोलायचं, हा इथला नियम. 'मला आवडतं' हे वाक्य यांच्यातही आपल्यासारखंच आहे. वर्गातला जर्मन इंजिनियर त्यावर घाम गाळतो आणि मी पहिल्या झटक्यात बरोबर सांगते. मग वाटलं, ही भाषा आपल्याला जमणार. तिथेच गाडी अडली.

बाईंची पाण्याची निळी सुरई माझ्या हातून सटकली आणि फरशीवर तुकडे झाले. मी सरळ उभी राहिले आणि जमवलेल्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, "मी सुरई फोडली." बाईंचा चेहरा पडला. त्यांनी हळूच विचारलं, "का? माझ्यावर रागावलात का?" मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेला विचारलं. माझ्या जुन्या विद्यार्थिनींपेक्षाही लहान आहे ती. ती हसली. असं म्हटलं तर मुद्दाम आपटून फोडली असा अर्थ होतो, म्हणाली. इथे 'से मे रोंपिओ' म्हणायचं. सुरई फुटली, आणि ती माझ्याकडून फुटली. मी भांडले तिच्याशी. ही पळवाट आहे, असं हातवारे करून सांगितलं. ती म्हणाली, पळवाट कशी? मधला तो 'मे' म्हणजे तुम्हीच. तुम्ही वाक्यात आहात. फक्त तुम्ही ते केलेलं नाही, तुमच्या बाबतीत ते झालं आहे.

रात्री फोनवर धाकटीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढं शिकाया इमानानं गेलीस व्हय? आपल्यात हातनं फुटलं म्हनत्यातच की. आपल्या घरात तेवढं म्हनू देत न्हवते."

खरं आहे. तुम्ही म्हणू देत नव्हता. पलटणीतून आल्यावर घरात तुम्ही हा एकच कायदा आणलात. लोणच्याची बरणी फुटली तेव्हाचे तुम्ही आजही मला दिसता. चुलीपुढे उभे आहात, आई पदर तोंडाला लावून बाजूला, आणि मी म्हणते आहे, "फुटली." तुम्ही म्हणता, "बरणी काय आपली आपण उडी मारती व्हय? फोडली म्हण." म्हणेपर्यंत जेवायला वाढलं नाहीत. म्हटल्यावर मात्र आपल्या ताटातला गुळाचा खडा माझ्याकडे सरकवलात. त्या कायद्यावर मी पुढे शाळा चालवली. त्याबद्दल तक्रार नाही.

पण आबा, तुम्ही तो कायदा स्वतःलाही लावलात. बाजाराहून येताना धाकटी सायकलच्या कॅरिअरवर तुम्हाला धरून बसलेली. कालव्याच्या उतारावर तिला डुलकी लागली, हात सुटला आणि ती पडली. मिरजेला नेलं, गुडघा जोडला, पण पाय जरा आखूडच राहिला. लोक विचारायचे, "कशी हो पडली?" तुमचं ठरलेलं उत्तर, "पडली न्हाई. मी पाडली." शाळेत नाव घालताना तेच, देवळात तेच. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा चहा यायच्या आधी तुम्ही सांगून टाकलंत, "पोरगी लंगडती. तिचा दोष न्हाई, मी पाडलीय." दाराआडून ही बया ओरडली, "आवं आबा, मला झोप लागली म्हणून मी पडले! त्यास्नी चहा तरी पिऊ द्या!" मुलगा खो खो हसला. त्याच मुलाच्या द्राक्षबागेत ती आज लंगडत लंगडत गड्यांवर हुकूम सोडत असते, आणि तिच्या पुढे पुढे करता करता तो दमतो.

तिला तुमच्याकडून एकच हवं होतं. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा ती उशाशी बसून म्हणायची, "आबा, एकदा तरी पडली म्हणा की. माझं म्हणून म्हणा." मी खिडकीपाशी उभी होते. तुम्ही म्हणालात, "पडली म्हणलं की कुणीच जबाबदार ऱ्हात न्हाई, बाय." आणि तिचा गुडघा चाचपून विचारलंत, "दुखतंय का गं?" ती उठून बाहेर गेली. ते शब्द घेऊनच तुम्ही गेलात. तिला चालताना कधी त्रास झाला नाही एवढा त्या उत्तराचा झाला.

आज वर्गात याच रचनेचं एक वाक्य प्रत्येकाने करायचं होतं. कुणाची किल्ली हरवली, कुणाचं दूध उतू गेलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "माझ्या वडिलांच्या हातून माझी बहीण पडली." वाक्य बरोबर होतं. त्यात तुम्ही होतात आबा, जबाबदारीसकट होतात, कुठेही पळाला नव्हता. तरी तुम्ही तिला पाडलं नव्हतं. जन्मभर तुम्हाला हवं ते आणि तिला हवं ते, दोन्ही एका ओळीत मावत होतं, आणि ती ओळ आपल्या मराठीतही होती.

शिक्षिकेने सहज विचारलं, "मग त्यांनी स्वतःला माफ केलं का?"

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगते. 'कधीच नाही' याला इथे 'नुंका' म्हणतात. तो शब्द मला चांगला येतो. तरी मी म्हणाले, "तोदाविया नो." म्हणजे, अजून नाही. जो माणूस हयात आहे त्याच्याबद्दलच असं म्हणतात. शिक्षिकेला वाटलं, तुम्ही अजून तिकडे गावी आहात. मी तिला तसं वाटू दिलं.