कागद हातानेच आणावे लागतात

काष्टी, ५ मे २०२५

ती. आबांस, ज्ञानेश्वरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्हाला आता फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहिते. घरी सगळे ठीक, पण माझ्या शिवणकामावर संकट आलंय. जीएसटीचं काम बघणारा माणूस सहा महिने विवरणपत्रं न भरताच पुण्याला निघून गेला आणि माझा नंबर रद्द झाला. नगरच्या शाळेचे तीनशे गणवेश शिवून तयार आहेत, पण चालू नंबरचं बिल नसेल तर शाळा माल घेणार नाही. माझ्यासोबत सात बायका मशीनवर बसतात, त्यांना काय सांगू? नगरमध्ये दोन सीएंकडे जाऊन आले. एकाला एवढं छोटं काम नको होतं, दुसरा भेटलाच नाही. तुमच्या ओळखीत कुणी आहे का?

तब्येतीला जपा. माया आहेच, ती तशीच राहू द्या.

तुमची ज्ञाना

श्रीरामपूर, ९ मे

चि. सौ. ज्ञानेश्वरीस आबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. घाबरू नको. शेजारच्या श्रीमंतची लेक धनश्री सीए झालीय, मेनरोडला ऑफिस टाकलंय. काल मीच जाऊन आलो. मला ऐकू येत न्हाई म्हणून पोरगी कागदावर लिहून बोलली. थकलेली विवरणपत्रं भरून नंबर परत चालू करायचा अर्ज ती करणार हाय. फी बेताची. अडचण एकच, कागद दर महिन्याला हातानेच आणावे लागतात. मोबाईलवर चालत न्हाईत.

म्हणजे महिन्याला एक मुक्काम इथं. तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाला आलीस, त्याला दीड वर्ष झालं. खोली झाडून ठेवलीय. जावईबापूंना आणि ओंकारला आशीर्वाद.

तुझा आबा

काष्टी, १७ मे

ती. आबांस सा. नमस्कार.

गुरुवारी येऊन गेले, सकाळी दहालाच उतरून थेट ऑफिसात. धनश्री कडक आहे. एकेक बिल मागितलं आणि न वाचता सह्या केल्याबद्दल मला चांगलंच सुनावलं. पण काम सरळ केलं, अर्ज गेला. तीन वाजले आणि घरून फोन आला की ओंकारला ताप भरलाय. तशीच नगरच्या गाडीत बसले. गाडी आपल्या गल्लीसमोरून गेली तेव्हा मी खिडकीतून बघत होते. तुम्ही दिसला नाहीत. रागावू नका.

ह्यांना हसू येतं की आजच्या काळात मोबाईलवर कागद न घेणारी सीए तुम्ही कुठून शोधली!

लोभात अंतर नको.

ज्ञाना

श्रीरामपूर, २१ मे

चि. सौ. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद.

ओंकारचा ताप उतरला का, ते आधी कळव.

गल्लीत कसा दिसणार, तू येणार हे धनश्रीकडनं कळलं हुतं, मी स्टँडवर हुतो. अकरापासून. ऊन लागलं म्हणून जरा रसवंतीत बसलो, तेवढ्यात तुझी गाडी गेली असंल. पिठलं केलं हुतं, ते दोन दिवस पुरलं. लेकराचं दुखणं आधी, मला राग न्हाई. पुढल्या महिन्याचे कागद मात्र चुकवू नको.

आबा

काष्टी, १४ जून

ती. आबांस शिरसाष्टांग नमस्कार.

नंबर चालू झाला. काल ह्यांनी टेम्पोने गणवेश शाळेत पोचवले. बायकांची मजुरी देऊन झाली. ओंकार केव्हाच बरा झालाय.

नंबर चालू झाल्याचं सांगायला धनश्रीचा फोन आला होता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "ताई, कागद मोबाईलवर पाठवले तरी चालतात. पहिल्यापासून चालत होते. लेकीला हातानेच आणायला सांग, असं आबा मला म्हणाले होते. मला त्यांना नाही म्हणवलं नाही, पण तुमच्याशी खोटं बोलून तुमचं काम कसं करू?"

मला आधी रागच आला. ऐन घाईत एक अख्खा दिवस गेला होता. मशीनवर बसले, पण हात चालेना. आबा, तुम्ही आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाहीत. एक गोष्ट मागावीशी वाटली, तर तीही माझ्याकडे न मागता शेजारच्या पोरीकडे मागितलीत. माझ्याकडे मागायची सोयच मी ठेवली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

मे महिन्याचे कागद आज मोबाईलवर पाठवून दिले. आता श्रीरामपूरला माझं काहीच काम उरलेलं नाही. येत्या शनिवारी ओंकारला घेऊन येते, सोमवारपर्यंत राहते. उन्हात स्टँडवर येऊ नका. घरीच थांबा, आम्ही येतो.

तुमची ज्ञाना