पहिल्या रिंगला उचलतो

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार
ही वही दिवाळीत घेतली. पहिलं पान भारी लिहायचं म्हणून थांबलो. मग पेन सापडेना, मग उत्तरायणाचे पतंग. असो. आजपासून रोज लिहिणार.

कारणही तसंच आहे. कुंदनने त्याच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर आणि एक मॉडेम महिनाभर वापरायला दिलाय. मॉडेम म्हणजे फोनच्या वायरला जोडायचा डबा. कोणीही आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून आमच्या नंबरला फोन लावायचा, माझं मशीन उचलणार, आणि त्याच्या स्क्रीनवर माझा बोर्ड उघडणार. नोकऱ्या, निरोप, कविता, भांडणं, सगळं. नाव ठरलं: तापी बोर्ड. सुरतमधला पहिला. कुंदन म्हणतो नानपुऱ्यात कोणाचा तरी आहे. असेल. मराठी नसेल.

५ फेब्रुवारी
लोटूमामा आणि कलामामी आज धुळ्याला गेले. आबांच्या, माझ्या वडिलांच्या, पोटात पाणी झालंय, तिथं दवाखान्यात हलवलं. मीही निघणार होतो. बॅग काढलीसुद्धा होती. पण बमरोलीच्या या अख्ख्या गल्लीत फोन फक्त मामाकडे. तो सांभाळायला कोणीतरी पाहिजेच. मामाला हे पटलं असावं. म्हणाला, तुला समजावत बसलो तर माझी गाडी जाईल.

जाताना दम दिला. फोनजवळून हलायचं नाही. धाकटा चेतन दवाखान्यासमोरच्या बूथवरून फोन करेल, फोन आला की मिळेल त्या गाडीने निघायचं. थोरला तू आहेस, वेळ आली तर तिथं धाकटा उभा केलेला बरा दिसत नाही. मी म्हटलं, मामा, पहिल्या रिंगला उचलतो.

फोनला नेहमीचं कुलूप लावून किल्ली खिशात घालून गेला. आलेले फोन घेता येतात, लावता येत नाहीत. भाच्यावर एवढाच विश्वास. तसं बोर्डाला एवढंच पुरतं.

७ फेब्रुवारी
मॉडेमला हुकूम टाइप करायचे असतात. तो उत्तर देतो ओके. आज सकाळी पहिला ओके आला. आयटीआयमध्ये, वापीच्या कारखान्यात, हिरे घासायच्या घंटीच्या चाकावर, कुठेही मला इतक्या लवकर कोणी ओके म्हटलं नव्हतं.

कितव्या रिंगला उचलायचं याची एक सेटिंग आहे. एक टाकलं. मामाला दिलेला शब्द आता मशीन पाळणार.

फोनचं डबडं सोबत जोडलेलं असलं की गडबड होते, म्हणून त्याची वायर काढून ठेवली. चेतनचा फोन आला तर? मी समोरच बसलेलो असणार. वायर खुपसायला किती वेळ लागतो.

९ फेब्रुवारी, रविवार
बोर्ड उघडला की आधी एक चित्र दिसलं पाहिजे. अक्षरं जुळवून तापीवरचा जुना होप पूल काढायचा ठरवला. पूल नीट आठवेना म्हणून बघायला गेलो. तिथं लोचो खाल्ला. शेजारच्या बाकावरच्या काकांना पतंगाच्या मांज्यातलं बरंच कळत होतं. संध्याकाळ झाली. पूल बघायचा राहिला.

१० फेब्रुवारी
ऐतिहासिक! कुंदनने दुकानातून लावला आणि जोडला गेला. माझ्या स्क्रीनवर अक्षरं उमटली: जेवलास का.

जोडताना मॉडेम किंचाळतो. शेजारच्या पार्वतीमावशी दारात येऊन, काय करी ऱ्हायना रे भाऊ, मांजर कापी ऱ्हायना का? मी विज्ञान समजावलं. त्या म्हणाल्या, तुझ्या विज्ञानाला आधी दूध पाज. मॉडेमचा आवाज बंद करून टाकला. आता फोन येतो, जोडला जातो, तुटतो, आणि घरात चिटपाखरूही ऐकत नाही. क्लास!

दुपारी उधन्याच्या कॉम्प्युटर क्लासच्या भिंतींवर आमचा नंबर लिहून चिठ्ठ्या डकवल्या.

१२ फेब्रुवारी
चिठ्ठ्या लागू पडल्या. पाणी भरून आलो तर स्क्रीनवर कॉलची नोंद! मशीनने उचलला, थोडा वेळ प्रयत्न केला, समोरच्याने ठेवला. नवशिका असणार. थोड्या वेळाने परत तोच प्रकार. परत एकदा.

चौथा आला तेव्हा मी समोरच होतो. हात वायरकडे गेलाही. पण म्हटलं, गिऱ्हाईक असलं तर? मध्येच हॅलो ऐकून पळायचं. हात मागे घेतला. धंद्यात संयम लागतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
समोरचा जोडला जात नसेल तर मॉडेम किती वेळ वाट बघणार, तीही एक सेटिंग आहे. नवशिक्यांना घाई नको म्हणून चांगली दोन मिनिटं केली.

फायदा लगेच दिसला. सकाळपासून कॉलवर कॉल. दुपारचा एक जण तर पूर्ण दोन मिनिटं धरून बसला, मॉडेमनेच शेवटी सोडलं. लगेच परत लावला, परत शेवटपर्यंत. एवढी चिकाटी आजकाल कोणात असते? अशी माणसं बोर्डाला हवीत. जोडला गेला की त्याला मानद सभासद करणार.

दिवेलागणीनंतर एकही नाही. थकला बिचारा.

१४ फेब्रुवारी
पार्वतीमावशी तणतणत आल्या. त्यांच्या भावाने अमळनेरहून परवा फोन लावला, तर म्हणे उचलून कोणी राक्षसीण ओरडते. त्याला वाटलं लाइन खराब, म्हणून तिच्या वरताण ओरडून निरोप सांगितला आणि ठेवला. पोहोचला समजून बसलाय, म्हणाल्या, आणि मला आज पत्रातून कळतंय! वर विचारतात, तुना बापना फोन उना का? मी शांतपणे म्हटलं, आला असता तर कळलं नसतं का.

बायकांना टेक्निकल सांगून उपयोग नाही.

१७ फेब्रुवारी
तीन दिवस सामसूम. परीक्षा जवळ आल्यात, पोरं अभ्यासाला लागली असणार.

नाक्यावरच्या पीसीओवरून धुळ्याला लावायचा विचार होता. पण तिथं रांग होती, आणि दवाखान्याचा नंबर मामाकडे. काही असतं तर फोन आला असता.

२० फेब्रुवारी
कुंदन आला. कॉलच्या नोंदी अभिमानाने दाखवल्या. त्याने वरून खाली पाहिल्या, परत पाहिल्या. म्हणाला, समोर मॉडेम असता तर इथं स्पीड लिहून आला असता. माझा सोडून एकालाही नाही. ही सगळी माणसं आहेत.

मी म्हटलं, चिठ्ठ्या वाचून पोरं मस्ती करत असतील. तो म्हणाला, पोरं शिव्या देऊन ठेवतात, दोन मिनिटं ऐकत बसत नाहीत. मग विचारलं, घरून फोन आला का. म्हटलं, नाही ना, म्हणजे सगळं ठीक. त्याने फोनची काढून ठेवलेली वायर हातात घेऊन पाहिली. शेवटी म्हणाला, येड्या, बॅग उचल, आत्ताच्या पॅसेंजरला बस. मशीनचं मी बघतो.

मशीन परत न्यायचा डाव असू शकतो. उद्या जाईन म्हटलं. आज पुलाचं चित्र पुरं केलं. खांब छान आलेत.

२१ फेब्रुवारी
उधना स्टेशनवर गेलो. खरंच गेलो. तिकिटाच्या रांगेत प्रमोद भेटला, एम्ब्रॉयडरीवर सोबत होतो तो. पांडेसऱ्यात नवीन मशीन आलंय, नुसतं बघून जा म्हणाला. बघितलं. गाडी गेली.

एक आहे. रांगेत होतो तेव्हा मागच्या दोघांना पुढे जाऊ दिलं. प्रमोद दिसल्यावर हाकही मीच मारली. उपाशी होतो म्हणून असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ
फोनचं डबडं परत जोडलं. घाबरून नाही, टेबल आवरत होतो म्हणून. दोनदा उचलून बघितलं, टोन येतोय. लाइन ठणठणीत आहे. म्हणजे आधीही ठणठणीतच असणार.

आज नक्की निघतो. आबांना पुलाचं चित्र दाखवायचं, प्रिंट काढून. त्यांना पूल आवडतात.

त्याच दिवशी, दुपार
गल्लीच्या तोंडाशी चेतन दिसतोय. एकटाच. घर विचारत विचारत येतोय. एवढ्या लांबून यायचं तर आधी एक फोन करावा माणसाने. मी स्टेशनवर गेलो असतो.

डोक्यावर आबांची टोपी आहे. पार्वतीमावशी त्याच्याशी दोन शब्द बोलल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्याने घाम पुसायला टोपी काढली.

डोकं तासलेलं आहे.