बारा दारं, एक सूत

मी, शंभुलिंग महांतप्पा बिराजदार, वय ७३ वर्षे, धंदा सुतारकाम, राहणार मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हल्ली दुपारी जेवल्यावर डोळा लागतो आणि जागा झालो तरी सागवानाचा वास बराच वेळ नाकात राहतो. पण तेवढ्याने बुद्धी गेली असे होत नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझी पत्नी शरणाबाई हिला मिळावी. परसातला कडुनिंब कोणी तोडू नये. त्याच्या फळ्या किती निघतील हे मी मनात अनेकदा मोजले आहे, म्हणूनच सांगतो.

२. रस्त्याकडची एक एकर जमीन व पत्र्याचे शेड मुलगी महानंदा, तामलवाडीला दिलेली, हिला. नात आरोही हिला काटकोन बघायचा माझा शिसवी गुण्या.

३. शेजारी शिवानंद याने नेलेला पितळी ओळंबा आता त्याचाच समजावा. मी भांडून दमलो.

४. करवतीचे मशीन माझा धाकटा भाऊ रेवणसिद्ध, राहणार नळदुर्ग, याला दिलेले आहे. त्यावर इतर कोणाचा हक्क नाही. कारण लिहितो. लेखनिक धम्मपाल गुरुजी म्हणाले, "अण्णा, कायद्यानं कारण लिहायची गरज न्हाई." मी म्हणालो, "कायद्याला नसंल, मला हाय."

२००२ साली तयार मशीन घेण्याची आमची ऐपत नव्हती. पिठाच्या गिरणीची जुनी मोटर आणि भंगारातले लोखंड जोडून मी मशीन बांधले. लाकूड ज्याला टेकवून कापायचे ते टेकण मागेपुढे सरके, पण किती सरकले हे कळायला माप नव्हते. एका टेपची स्प्रिंग तुटली होती. तिची पोलादी पट्टी पत्रा कापायच्या कात्रीने कापून मी टेबलाच्या कडेला चिकटवली. त्या दुपारी मी नुसताच टेकण सरकवत आकडे वाचत बसलो होतो. उन्हात भुसा तरंगत होता आणि रेवण दारात उभा राहून हसत होता.

पहिले मोठे काम गावाबाहेरच्या मठाच्या धर्मशाळेचे मिळाले. बारा दारे, प्रत्येकाला शेजारीशेजारी जोडलेल्या आठ फळ्या. रेवणने सगळ्या फळ्या मशीनवर कापल्या. दारे बसवायला गेलो तर प्रत्येक दार चौकटीला इंचभर अपुरे. मठाची माणसे जमली होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "याला साधं माप वाचता येईना. माझ्या मशीनला हात लावू नगंस." रेवणने हत्यारे पिशवीत भरली. मला वाटले, चूक कबूल केली. आठ दिवसांनी तो नळदुर्गला गेला आणि ट्रकच्या बॉड्या बांधू लागला.

चार वर्षांनी पाते बदलताना मला दिसले. टेपचे शून्य पात्याच्या आतल्या, टेकणाकडच्या अंगाशी जुळायला हवे होते. मी ते बाहेरच्या अंगाशी जुळवले होते. प्रत्येक फळी पात्याच्या जाडीइतकी, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी निघत होती. आठ फळ्यांचा एक इंच. मी भुशातच खाली बसलो. मग पट्टी उचकटून एक सूत सरकवली आणि पुन्हा चिकटवली. शरणाबाईने विचारले, "काय करताव?" म्हणालो, "निघाली हुती."

हे खोटे मी एकोणीस वर्षे सांभाळले. दुपारी धर्मशाळेत जाऊन बसायचो. दारांना मारलेल्या इंचभर पट्ट्यांचा रंग अजून वेगळा दिसतो. वाऱ्याने दारे हलत, आणि अर्धवट झोपेत मला वाटे, आतल्या खोलीत रेवण रंधा मारतो आहे.

या महिन्यात टेम्पोत मशीन घालून नळदुर्गला आलो. रेवणचे केस सगळे पांढरे झालेत. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. त्याने हातातली फळी खाली ठेवली.

"अण्णा, मला ठाव हाय. त्याच सांजेला म्या पात्यापासून मोजून बघितलं हुतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"मठाच्या लोकांत तुमचं नाव गेलं असतं. घरी तुमी इचाराल म्हणून आठ दिवस थांबलो." हातावरचा भुसा झटकत म्हणाला, "तुमी इचारलं न्हाई."

मशीन नको म्हणेल असे वाटले होते. तो टेम्पोजवळ गेला, दोर सोडले आणि म्हणाला, "एका बाजूनं धरा. वजन लई हाय."

ती गोष्ट अकरा दिवसांपूर्वीची. मी अजून इथेच आहे. सकाळी तो कापतो, मी फळ्या धरतो. शरणाबाईचा रोज फोन येतो. तिला सांगितले आहे की घाई नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, म्हणून दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: शं. म. बिराजदार

साक्षीदार:
१. धम्मपाल व्यंकट कांबळे, निवृत्त शिक्षक, नळदुर्ग
२. उमाशंकर बसवणप्पा स्वामी, नळदुर्ग

स्थळ: रेवणसिद्ध महांतप्पा बिराजदार यांचे घर, नळदुर्ग
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५