शेरा समोर वाचावा

मी, खाली सही करणारा, माणसांच्या कामाचे मूल्यमापन करून मालकांना सल्ला देणाऱ्या आमच्या संस्थेचा संस्थापक, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाने नव्हे तर स्वतःच्या हट्टाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांनी तपासून ‘डोकं ठणठणीत’ असे सांगितले. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘त्यांना काय माहीत?’

कलम १. राहते घर व ठेवी पत्नीस. तिच्या पश्चात मुलास. खिडकीबाहेरचे झाड त्याने तोडू नये. त्याच्या सावलीत डोळे मिटले की मला अजून वर्गातले पद्य ऐकू येते.

कलम २. कवितांची शाळेतली पुस्तके नातीस. पाठांतराची सक्ती नाही, पण मोठ्याने वाचावीत. आमच्या मराठीच्या बाई म्हणत, ‘वृत्त कुठं मोडलं ते डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळतं.’ संस्थेचे पहिले तत्त्व मी तिथूनच उचलले: जो शेरा त्या माणसासमोर मोठ्याने वाचता येत नाही, तो लिहायचा नाही. शेरा आणि ताशेरे यांत फरक तो एवढाच.

कलम ३. संस्थेतील माझा निम्मा हिस्सा. उरलेला निम्मा भागीदाराचा, तो त्याला लखलाभ. त्याला शेरे बंद करून माणसांची उतरंड लावायची आहे: वरच्यांना बढती, तळच्यांना नारळ. ‘दादा, तत्त्वं भिंतीवर शोभतात, बिलावर नाही,’ हे त्याचे पालुपद. माझा हिस्सा ज्याच्या हाती जाईल, त्याच्यावर हे तत्त्व जगते की मरते ते ठरेल. चिरंजीव म्हणतात, ‘बाबा, विकून मोकळे व्हा.’ म्हणून त्यांना नाही.

हिस्सा सुनेस देतो. ती संस्थेत लागली तेव्हा मी तिचा पहिला शेरा वाचला, ‘काम समाधानकारक.’ ती म्हणाली, ‘बाबा, समाधान कुणाचं? तुमचं की माझं? आणि मी केलं काय, ते यात कुठंय?’ तो शब्द संस्थेतून तेव्हाच हद्दपार झाला.

उतरंडीच्या मोहाने आम्हाला सोडून गेलेले सूतगिरणीचे मालक गेल्या महिन्यात स्वतः जिना चढून आले. ‘तुटलेला धागा जोडायलासुद्धा कुणी कुणाला हात देईना हो! तुमचं ते समोर वाचणं परत सुरू करा.’ सूनबाईंनी आधी पाणी दिले, मग अट घातली: मालकांचाही शेरा होईल, आणि कामगारांसमोर वाचला जाईल. मालकांनी घाम पुसला. ‘चालेल,’ म्हणाले. मी या वयात टाळ्या वाजवल्या!

कलम ४. भागीदारास या मृत्युपत्राने काहीही देत नाही. ज्याला काही मिळते तो साक्षीदार चालत नाही, म्हणूनच त्याला साक्षीदार केले आहे. कलम तीन त्याच्या तोंडावर वाचले.

‘दादा, मी हरलो असं सरळ लिहा की!’

‘तू कुठं हरलास? मी जिंकलो, एवढंच.’

तो हसला आणि त्याने पेन मागितले.

स्थळ: संस्थेची बैठकीची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर
सही: संस्थापक

साक्षीदार:
१. शेजारचे चष्मेवाले (सही)
२. भागीदार (सही). सूनबाईंनी सांभाळून घ्यावे.