विमानासाठी राखलेलं वावर

१० ऑक्टोबर १९३७, वाशीम

सकाळच्या गाडीनं उतरलो. स्टेशनावर दादा, दादाच्या कापसाच्या जिनिंगातली माणसं आणि एक भला मोठा हार. वाटलं, कुणी पुढारी असेल डब्यात. हार माझ्याचसाठी. ‘पायलट आला, पायलट आला.’ मान खाली घालून हार घालून घेतला. लोकांना तो विनय वाटला.

विनय कसला डोंबलाचा. विमान शिकवणाऱ्या साहेबांनी फ्लाइंग क्लबातून घरी पाठवलंय. माझ्याबरोबर लागलेले सगळे एकटे उडून आले, त्यातला एक तर चष्मेवाला. मी अजून पुढच्या बैठकीत साहेब असल्याशिवाय जमीन सोडलेली नाही. विमान वर नेता येतं, वळवता येतं, सरळ ठेवता येतं. उतरवता येत नाही. जमीन हातभर राहिली की सुकाणूची काठी ओढायची. मी झाडाच्या उंचीवरच ओढतो, मग विमान वरून दाणकन आपटतं. शेवटच्या दिवशी पुन्हा पुन्हा आपटलं. साहेब बोलण्याच्या नळीतून ओरडलेसुद्धा नाहीत, तेच वाईट. खाली उतरल्यावर शांतपणे म्हणाले, घरी जा, दिवाळीपर्यंत विमानाचं नाव काढू नकोस. मग एकदा पाहू. नाहीतर सोडून दे.

घरी सांगितलं, दसऱ्याची सुट्टी.

आणि याच्या मुळाशी आहे तो साखरपुडा. वैशाखात अनसिंगला, भर मांडवात, होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, "एकटेच उडता ना जावईबापू?" मी हो म्हणालो. वाटलं होतं, महिन्याभरात उडेनच, मग खोटं कुठं राहिलं?

राहिलं.

१२ ऑक्टो.

दमणीला बैल जुंपून दादा आणि मी अनसिंगला. मामाजींकडे (गोविंदराव, हेच ते सासरे) जेवण. पुरणपोळी, वर तुपाची वाटी. तूप संपायच्या आत मामाजींनी बॉम्ब टाकला.

"आमच्या वच्छीचा नवरदेव घोड्यावर नाई येत. विमानातून येते."

दादा हसला. मीही हसलो. मामाजी हसले नाहीत. मार्गशीर्षात लग्न. नाल्याकाठचं वावर, त्यांचं सगळ्यात चांगलं, काळंभोर, मूग काढून मोकळं झालेलं, त्यात यंदा हरभरा पेरणार नाहीत. विमान उतरायला राखून ठेवलंय. ढेकळं फोडून, वखर फिरवून सपाट करणं चालू आहे. बांधावरची बाभूळसुद्धा तोडलीय.

"बाभूळ काहून तोडली?" दादा.

"मंग? जावयाच्या आड येते ना ते!"

मी काय म्हणालो? ‘बरं’ म्हणालो. तोंडात पोळी होती म्हणून नाही. तोंड रिकामं असतं तरी ‘बरं’च म्हणालो असतो. माझं हे असंच आहे.

१४ ऑक्टो. दसरा

संध्याकाळी सोनं द्यायला अर्धं वाशीम. मोठ्यांच्या पाया पडलो. ज्यांच्या पडायला हवं त्यातले काही मलाच वाकू देईनात. "राहू द्या, राहू द्या, तुमी तं आभायात फिरनारे." मास्तरांनी सुद्धा. त्यांच्या छड्या खाल्लेल्या हातात त्यांनी आपट्याचं पान दिलं आणि तो हात धरून ठेवला.

हसनभाई शिंपी आले होते. माझी उडायची विजार त्यांनीच शिवलेली. मामाजींनी त्यांना वाऱ्याची थैली शिवायला सांगितलीय म्हणे, वारा कुठून येतो ते दाखवणारी, काठीला बांधायची. मामाजींना हे कुठून कळलं? मीच सांगितलं होतं साखरपुड्याला, शहाणपणा मिरवत. हसनभाई म्हणाले, "बाबू, थैली के पैसे नको. एक चक्कर मारून द्या आमाले. शादी के बाद. बेगम को नहीं बताऊंगा." सगळे हसले. मी म्हणालो, नक्की.

नक्की! जीभ झडत नाही कशी.

१७ ऑक्टो.

व.ला (वच्छीला) सांगितलं.

सांगायचं ठरवून नाही गेलो. मामाजींचा निरोप होता, वावर येऊन पाहून जा, लांबी पुरते का सांगा. गेलो. मामाजी गड्यांना घेऊन दुसऱ्या टोकाला होते. व. आणि तिच्या आत्या गड्यांची भाकर घेऊन आलेल्या. आत्या सावलीला बसल्या, आमच्याकडे पाठ करून. मुद्दाम असावी. भल्या बाई आहेत.

व. माझ्याकडे बघत नव्हती, मातीकडे बघत होती. पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत म्हणाली, "खरंच उतरते काय इथं विमान? काळी जमीन हाय. ओली असली तं फसते, सुकली तं भेगा पडतात. मले तं समजूनच नाई राह्यलं."

इतक्या दिवसांत मला विमानाबद्दल कुणी खराखुरा प्रश्न विचारला तो हा पहिलाच. बाकी सगळे विचारतात, भीती नाई वाटत? मग तोंडातून निघूनच गेलं. मी एकटा कधी उडलेलो नाही. मला उतरता येत नाही. क्लबवाले मला काढण्याच्या बेतात आहेत.

तिनं ढेकूळ फोडायचं थांबवलं. "म्हंजे साखरपुड्याले तुमी खोटं बोलले."

"हो."

"बाबाले कवा सांगता?"

"सांगतो."

"मी नाई सांगनार. माह्या तोंडून गेलं तं थे चुगली होते. तुमीच सांगा. पन ओल हाय तवरच सांगा. ओल गेली का हरभरा पेरून काई उपेग नाई. या वावरावर वर्षाची डाळ होते आमची."

रडली नाही, रागावली नाही. तिला हरभऱ्याची काळजी. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची जास्तच लाज वाटली.

मामाजी आले. "पुरते ना जावईबापू?" म्हणालो, पुरते.

१८ ऑक्टो.

उद्या जाऊन सांगायचं.

१९ ऑक्टो.

दादाबरोबर कापडाच्या दुकानात. गेलो नाही.

२१ ऑक्टो.

आज एक मूर्खपणा केला, लिहून ठेवतो. जिनिंगच्या पत्र्यावर चढलो. पत्र्यावरून जमीन किती खाली दिसते ते डोळ्यांत बसवायचं, मग खालच्या कट्ट्यावरून, मग पायरीवरून. साहेब म्हणायचे, पायाखाली बघू नको, लांब बघ, जमीन आपोआप कळते. लांब पाहिलं. लांब सरकीचा ढीग आणि त्यावर बसलेली बकरी. कट्ट्यावरून उडी मारली, घोटा मुरगळला.

दादा म्हणाला, "काय करून राह्यला बे?" म्हणालो, सराव. त्यानं जिनिंगातल्या लोकांना बोलावून दाखवलं, पाहा, घरी असला तरी अभ्यास सोडत नाही. हळद-तेल लावताना आईसुद्धा कौतुकानं बघत होती. असलं कौतुक शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

शेतकऱ्याच्या घरात जन्मलो, आणि जमीन कुठं आहे ते मला कळत नाही.

२४ ऑक्टो.

आज जे झालं ते

२५ ऑक्टो.

काल लिहवलं नाही. आज लिहितो.

घोटा बरा म्हणून काल अनसिंगला गेलो, सांगायचंच म्हणून. मामाजी आनंदात. घरी चहा टाकलेला. म्हणाले, चहा वावरातच पिऊ, काम पाहत. गडी किटली घेऊन मागे. वाटेत मी दोनदा "मामाजी" म्हटलं, दोन्ही वेळा त्यांनी लग्नातल्या बँडचं काढलं.

वावराजवळ आलो तर पेरणीची तिफण चालू. किसना, त्यांचा सालदार, बैल हाकतोय आणि मागे बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरून व. स्वतः. पदर खोचलेला. निम्मं वावर पेरून झालेलं. किसनाला तिनं सांगितलं होतं, बाबानं पेराले सांगतलं.

मामाजी एवढे संतापलेले मी कधी पाहिले नव्हते.

"कोनाले इचारून तिफन घातली?"

"ओल चालली, बाबा."

"ओल चालली! अन जावई कुठं उतरतीन? तुह्या डोक्यावर? पाहुन्याच्या देखत बापाची इज्जत काढते? शिकवली थेच चुकलं माहं. पोरीच्या जातीनं चाड्याले हात लावाचा, आपल्या घरात कवा झालं होतं?" आणखी बरंच. गडी ऐकत होते. बाजूच्या वावरातले लोक काम थांबवून बघत होते. किसना बैलाच्या कासऱ्याशी उगाच खटपट करत होता.

तिनं एक वाक्य बोलायचं होतं. ‘बाबा, विमान येतच नाही.’ बोलली नाही. एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. वाट पाहिल्यासारखं.

मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसलो होतो. हातात बशी. मी काय केलं? चहा प्यालो. गरम होता, फुंकून प्यालो. सगळा.

मग तिनं मूठभर उरलेलं बी परत ओटीत टाकलं आणि घराकडे गेली. मामाजी माझ्याजवळ येऊन हात जोडतात! "मनावर घेऊ नका जावईबापू. पोट्टी अल्लड हाय. उद्या वखर मारून सपाट करतो."

मी म्हणालो, असू द्या.

असू द्या, असं म्हणालो मी. जसं काही तिला क्षमा करतोय. काल रात्रभर हाच शब्द तोंडात कडू. खोटं बोललो ते एक वेळ माझं मला. पण ती माझं पाप पदरात घेऊन बोलणी खात होती आणि मी वरून मोठेपणा घेतला. मला माझीच किळस येते.

२७ ऑक्टो.

आईनं विचारलं, जेवत काहून नाहीस. म्हणालो पित्त. आईनं आवळ्याचं सरबत दिलं. आता खोटं बोलायला कारणसुद्धा लागत नाही, नुसतं येतं.

दादाला सांगायला गेलो. तो व्यापाऱ्याला सांगत होता, "माह्या भावाचं लगन पायजाच तुमी, सारा जिल्हा येते." परत फिरलो.

मनात सारखं, त्यांनी वखर मारला असेल. बी वर पडलं असेल. पाखरं.

२९ ऑक्टो., अनसिंग

शाळेच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. दमणी नको म्हणून सायकलनं आलो, दादाला न सांगता.

मामाजी वावरातच होते. वखर मारलेला नव्हता. किसनाच्या बैलाचा पाय लचकला म्हणून राहून गेलं. हसनभाईंची थैली काठीला लागलेली, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, फार सुबक शिवलीय. मामाजी लहान मुलासारखे खूश. "पाहा, वारा इकून येऊन राह्यला. तुमी कोन्या बाजूनं येसान?"

म्हणालो, मामाजी, मी येणार नाही. मला उडता येत नाही.

त्यांना वाटलं मस्करी. मग सगळं सांगितलं. साखरपुड्याचं, साहेबांचं, आपटण्याचं. वच्छीला सांगितलं होतं तेही. त्या दिवशी ती का पेरत होती तेही. बोलताना मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही, थैलीकडे पाहत होतो.

ते खाली बसले, मातीतच. एक ढेकूळ उचलून हातात चुरलं. मग म्हणाले, "म्हंजे मी बाभूळ तोडली, वावर पडीत ठेवलं, गावभर सांगत फिरलो. अन तुमाले जमीन कुठं हाय थेच समजत नाई?"

"नाही समजत."

"मंग त्या दिशी तोंड काहून नाई उघडलं?"

मी थैलीकडेच पाहत राहिलो.

मला वाटलं आता हाकलतील, किंवा हात उचलतील. उचलला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी किसनाला घरी पाठवून व.ला बोलावलं. ती आली, आत्या बरोबर. मामाजी उठले, धोतर झटकलं. माझ्याशी नाही, तिच्याशीच बोलले.

"तुले समदं मालूम होतं?"

"हो."

"अन बोलनी खाल्ली."

तिनं नुसती मान हलवली.

"चुकलं माहं," मामाजी म्हणाले. बाप मुलीला असं म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं. आत्यांनी पदर तोंडाला लावला. "आता तूच सांग. याले द्याची काय तुले? तू नाई म्हनली तं मी आजच वाशीमले जाऊन मोडतो. गाव काय बोलंल थे माह्यावर सोड."

ती मला म्हणाली, मामाजींना नाही, सरळ मला. "विमान उतरवता येत नाई त्याचं मले काई नाई. शिकसान, नाई तं नाई. पन बाबा मले बोलून राह्यले होते तवा तुमी बसून चहा पेत होते. माह्यासमोर रोज थेच येते. आज हो म्हनू का नाई म्हनू, मले नाई सांगता येत."

"कवा सांगशील?" मामाजी.

"सांगीन. आदी हे निम्मं वावर राह्यलंय. ओल हाय अजून."

मामाजींनी किसनाला दुसरी जोडी आणायला सांगितलं. त्या दिवशी पेरलेलं कुठं कुठं फुटलेलं होतं, ते तुडवू नये म्हणून आत्या धुऱ्यावरून वळसा घालून गेल्या. व.नं पदर खोचला आणि चाड्याशी उभी राहिली. या वेळी बापानंच तिच्या ओटीत बी ओतलं.

मला कुणी थांब म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. पेरणीचं पहिलं तास, पहिली ओळ, पडेपर्यंत उभा होतो. मग इथं शाळेपाशी येऊन बसलो. दिवाळीनंतर साहेबांकडे जायचं आहे. त्याआधी ती काही सांगेल की नाही, ठाऊक नाही. इथून तिफण दिसत नाही, किसनाचं बैल हाकणं तेवढं ऐकू येतं.